नोकरीचं नाव काढायचं नाही

अट बहिणीनं घातली होती. आज दिवसभर नोकरीचं नाव काढायचं नाही, आणि जो काढील त्यानं संध्याकाळपर्यंत पिशवी धरायची. पिशवीत काय, तर एक छत्री, पाण्याची बाटली आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या चपात्या. म्हणजे शिक्षा काही फार जड नव्हती. तरी मी लगेच कबूल झालो, कारण गेले तीन दिवस मी त्या एका विषयानं इतका पिडलो होतो की कुणी नुसतं "मग काय ठरलं?" म्हटलं तरी माझ्या कपाळावर आठी पडायची.

वडील जाऊन तीन महिने झाले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टर्नर होते आणि निवृत्तीला चार वर्षं असताना गेले. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या एका मुलाला कारखान्यात घेत. आमच्या कॉलनीत त्याला 'बापाच्या जागेवर लागणं' म्हणत. जागेवर कुणी लागलं की क्वार्टर राहायची, नाहीतर काही महिन्यांत चावी परत. आम्हाला दुसरं घर नव्हतं. साताऱ्याकडे गावात चुलत्यांच्या घराला लागून आमच्या वाटणीची एक खोली होती, तिचं छप्पर कधीचंच बसलं होतं. आम्ही भावंडं दोनच. मी मोठा, शिवाय मुलगा, म्हणून जागा माझी. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

मी तेव्हा औरंगाबादला एका कॉलेजात मराठी शिकवत होतो, पण तासिकेवर. तासिकेवर म्हणजे जितके तास घ्याल तितकंच मानधन, आणि एप्रिल संपला की तुम्ही कोण अन् आम्ही कोण. वडिलांच्या जलदानविधीच्या दिवशी कॉलनीतल्या एका काकांना मी हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बिगारीच की रे!" मला राग आला, कारण ते खरं होतं. पण त्या बिगारीत चाळीस मुलं मला 'सर' म्हणत होती. तिथं माझी एक खोली होती, खोलीत पुस्तकं होती, आणि मी कुणाचा मुलगा आहे याच्याशी तिथं कुणाला देणंघेणं नव्हतं. मला कारखाना नको होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगायला तोंडच नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता ऑफिसात जाऊन अर्ज भरायचा होता. बुधवार मोकळा होता. आई म्हणाली, "जा दोघं फिरून या. बाबांबरोबर जायचात तिथं तिथं जाऊन या. जरा मोकळं वाटेल." आम्ही चपला घातल्यावर दाराशी येऊन हळूच म्हणाली, "आणि येताजाता उल्हासनगर कॅम्पातल्या टेलरकडं माझं एक काम पडलंय, तेवढं आणा." काय काम ते तिनं सांगितलं नाही. ब्लाउज असतील म्हणून मीही विचारलं नाही.

बाबांचा एक ठरलेला फेरा असायचा. महिन्यातून एका रविवारी ते आम्हा दोघांना घेऊन निघत. आधी अंबरनाथचं जुनं शिवमंदिर, मग उल्हासनगरचा बाजार, तिथून बदलापूरला कुळगावात त्यांच्या दोस्ताचं घर आणि शेवटी नदीवरचा बंधारा. चार ठिकाणं, नेहमी त्याच क्रमानं. क्रम बदललेला त्यांना खपत नसे. आम्हीही त्या दिवशी तोच धरला.

आमच्या घरात देव नव्हते. छपन्न साली आजोबांनी देव नदीत सोडले ते सोडले. त्यामुळे बाबा मंदिराच्या गाभाऱ्यात कधी उतरले नाहीत. पण बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्तींची त्यांना भारी हौस. टर्नर माणूस, हातच्या कामाची पारख होती. एकेका मूर्तीसमोर उभं राहून ते म्हणायचे, "बघा, मशीन नाही, गेज नाही, आणि काम बघा." मग आम्ही ओढ्याकाठच्या सावलीत बसायचो. लोक देवाला यायचे, आम्ही सावलीला.

पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. दगड धुऊन काळे कुळकुळीत झालेले. आम्ही नेहमीच्या झाडाखाली बसलो. मला फार बरं वाटलं. औरंगाबादला गेल्यापासून मी असा रिकामा बसलोच नव्हतो. बहिणीनं पर्समधून एक कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

"डी.एड.ला नंबर लागला," ती म्हणाली. "अलिबागला. हॉस्टेलसकट."

कार्ड मी दोनदा वाचलं. शनिवारपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. तिला शिक्षिका व्हायचं आहे हे मला तिच्या फ्रॉकच्या दिवसांपासून ठाऊक होतं. कॉलनीतली बारकी पोरं गोळा करून, जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून ती त्यांना छड्या मारायची. बारावी होऊन एक वर्ष तिनं घरी काढलं होतं, कारण बाबा अंथरुणाला होते आणि मी औरंगाबादला होतो.

"अगं, पेढे कुठं आहेत?" मी म्हणालो.

"आधी बघू," ती म्हणाली आणि गप्प झाली. पुढं बोलायचं म्हणजे नोकरीचं नाव काढावं लागलं असतं. पण न बोलताही गोष्ट सरळ होती. मी बाबांच्या जागेवर लागलो की क्वार्टर राहणार, आईजवळ मी राहणार, आणि ती शनिवारी अलिबागला जाणार. मी नाही लागलो तर यातलं काहीच होणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कार्ड तिला परत दिलं आणि समोरच्या मूर्तीतला कारागिराचा हात बघत बसलो.

बाहेर पडताना फुलं विकणारी बाई ओळखीचं हसली. बाबांना ती आमच्या जन्माआधीपासून बघत होती. "लागलास ना रं बापाच्या जागंवर?" तिनं विचारलं. मी "हां, हां" केलं. बहीण म्हणाली, "दुसऱ्यांनी काढलेलं धरायचं नाही." पिशवी तिच्याच हातात राहिली.

उल्हासनगर म्हणजे मला बाबांच्या बोटाला धरून केलेली चालच आठवते. कॅम्पात शिरलं की ते माझं बोट घट्ट धरायचे, कारण मी दुकानांकडे बघत चालायचो आणि लोकांना धडकायचो. जुन्या लष्करी बराकी, प्रत्येक बराकीला पुढून काढलेलं दुकान, दुकानावर मजला, मजल्यावर वाळत घातलेले पापड. नाल्याचं पाणी कधी निळं, कधी लाल. कापड रंगवणाऱ्यांनी त्या दिवशी कुठला रंग काढलाय ते पुलावरूनच कळायचं. त्या बुधवारी ते जांभळं होतं. नाक्यावर आम्ही दाल-पकवान खाल्लं. वर चिंचेची चटणी, चिरलेला कांदा. बहिणीनं माझ्या द्रोणातला शेवटचा तुकडा पळवला. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मी सगळं विसरलो होतो. सुट्टीवर आलेल्या माणसासारखा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बोटं चाटत होतो.

टेलर म्हातारा सिंधी होता. बाबांचे खाकी कपडे कायम त्याच्याकडेच शिवले जायचे. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, आणि बोलणं तोंडापेक्षा डोळ्यांनी जास्त. मला बघून तो मशीनवरून उठला.

"आओ साईं, आओ. अम्मा ने बोला था, तुम आओगे." त्यानं फळीवरचं वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढलं आणि दोरी सोडली. "पहन के देख ले. अभी कमर में फरक होगा तो अभी का अभी कर देगा."

आत बाबांचे गणवेश होते. दोन खाकी शर्ट, दोन पॅन्ट. आईनं माझा एक जुना शर्ट मापाला देऊन ते माझ्या अंगाबरहुकूम लहान करून घेतले होते.

टेलरनं पडदा सरकवला आणि मला आत ढकललं. आत एक बल्ब आणि उभा आरसा. मी शर्ट चढवला. खांदे बरोबर, हात बरोबर. बाबा माझ्याहून रुंद होते, ती रुंदी त्या म्हाताऱ्यानं इतक्या सफाईनं काढून टाकली होती की शिवण शोधावी लागत होती. खिशावर लाल दोऱ्यानं कारखान्यातला बाबांचा टोकन नंबर शिवलेला, तो तसाच होता.

"नंबर निकाल दूँ क्या, पूछा था मैंने," बाहेरून टेलर म्हणाला. "अम्मा बोली, रहने दो. नंबर तो वही मिलेगा."

नंबर तोच मिळत नसतो. नव्या माणसाला नवा नंबर देतात, हे कॉलनीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण आईला वाटत होतं की जागा बाबांची म्हणजे मशीन बाबांचं, कपडे बाबांचे आणि नंबरही बाबांचाच. वडिलांच्या जागी मी असं ती म्हणायची तेव्हा तिला शब्दशः तेच म्हणायचं होतं. ते मला त्या पडद्याआड कळलं. वरची दोन बटणं लागलेली होती, ती मला सुटेनात.

बहिणीनं पडदा जरा बाजूला करून आत पाहिलं. ती काहीतरी चेष्टा करायला आली असावी, तोंड तसं झालं होतं. आरशात आमची नजरानजर झाली आणि ती पडदा सोडून मागे गेली.

टेलरनं शिलाई घेतली नाही. "उसका कपड़ा है. तेरे से क्या लूँ?" म्हणाला. असा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मी पुडकं बगलेत मारून तरातरा चालत सुटलो, आणि पुलापाशी आल्यावर माझ्या तोंडून निघालंच, "आग लागो या नोकरीला!"

"हरलास," बहीण म्हणाली. तिनं पुडकं पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. हसली नाही.

बदलापूरला गाडी दुपारची रिकामीच होती. आम्ही समोरासमोर खिडकीशी बसलो. कुळगावात बाबांच्या दोस्ताचं घर होतं. ते मूळचे तिथलेच, भाताची थोडी शेती होती, आणि बाबांबरोबर एकाच दिवशी कारखान्यात लागलेले. सायकल मारत कुळगावातून अंबरनाथला यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या अंगणात आम्ही पडलो-झडलो, त्यांच्या विहिरीत मी पोहायला शिकलो. त्या आठवड्यात त्यांची पाळी दुसरी होती, म्हणून निघायच्या आधी ते घरी जेवत होते. आम्हाला बघून तसेच उष्ट्या हातानं उठले.

"आरं या, या! आगो, पोरा आल्यान बग!" त्यांनी बायकोला हाक मारली.

काकूंनी आम्हाला पाटावर बसवलं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती. मी नको म्हणत होतो तेव्हाच तिसरी भाकरी ताटात पडली. त्या घरात मला लहानपणी जितकं सुखाचं वाटायचं तितकं अजूनही वाटत होतं, आणि म्हणूनच जीव घुसमटत होता. आपलीच माणसं असली की पळून जाता येत नाही.

"तुला येक सांगू?" काका म्हणाले. "डब्याच्या टेबलावर तुज्या बापसाची जागा कुनी घेतली नाय. तो आजारी पडला तवापासून. परवा येक नवा पोर बसाया गेला, मी बोललो, ऊठ. ती जागा हाय."

"काका, पण..."

"आनि त्याचा कप मी माज्या कपाटात ठेवलाय. धुऊन. फोरमनला सांगून ठेवलाय, पोराला आमच्याच सेक्शनला द्या म्हनून. तू घाबरू नको. सा म्हयन्यात हात बसतो. तुजा बापूस बी पयल्यांदा चुकायचा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? हा माणूस रोज जेवताना माझ्या बापाच्या रिकाम्या जागेशेजारी बसत होता आणि मी यायची वाट बघत होता. त्याला मी सांगू की मला तिथं बसायचं नाही? मला 'सर' म्हणून घ्यायला आवडतं?

"आनि तू लागलास की हिचाबी उरकून टाकू," काका बहिणीकडे बघून म्हणाले. "बगून ठेवलाय येक पोरगा."

बहिणीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि काकूंना म्हणाली, "काकू, बिरडं मस्त झालंय." अलिबागचं तिनं सांगितलं नाही. मला वाटलं मी तरी सांगावं. पण सांगितलं असतं तर काकांनी माझी पाठ थोपटून म्हटलं असतं, वा, म्हणजे तू लागतोयस म्हणून ही जाऊ शकते. मग मी जो फासात अर्धा होतो तो पुरता अडकलो असतो. म्हणून मी गप्प बसलो. तिचं नाव घेऊन मी माझी गाठ आवळून घेणार नव्हतो. इतका विचार मी भाकरी चावता चावता केला.

काका सायकलवर टांग मारून गेले. जाताना म्हणाले, "उद्या तुज्यासाठी गेटवर थांबतो."

स्टेशनापलीकडून आम्ही बंधाऱ्यापर्यंत टांगा केला. लहानपणी टांग्यात पुढे बसायला आम्ही भांडायचो. त्या दिवशी दोघंही मागे बसलो, रस्ता पाठीमागे पळताना बघत. दोन्हीकडं भात कमरेएवढं झालं होतं. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. सबंध पावसाळा पडतच असतं, आणि त्या आवाजात बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं. बाबा तिथं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसायचे आणि कुणाशी काही बोलायचे नाहीत. फेऱ्यातलं ते त्यांचं एकट्याचं ठिकाण होतं. आम्ही त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसून खडे मारायचो.

आम्ही तसेच बसलो. पाणी गार होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, इथं तरी कुणी ओळखीचं नाही. तास-दोन तास बसावं, अंधार पडायच्या आत निघावं, आणि उद्या जे व्हायचं ते होईल. मी डोळे मिटले. खरंच बरं वाटत होतं.

बहिणीनं माझ्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली.

"काय गं?"

"मी आता नोकरीचं नाव काढणार आहे," ती म्हणाली. पिशवी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "बाबांच्या जागेवर मी लागते."

पाण्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही असं दाखवायला वाव होता. पण तिनं ते पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं.

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. म्हणायला हवं म्हणून म्हणालो. "मुलींना कुठं घेतात?"

"लग्न न झालेल्यांना घेतात. पॅकिंगला आहेत दोघी-तिघी. मी ऑफिसात विचारून आलेय."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चार पानी पत्र. पोरांचं लिहिलंस, पुस्तकांचं लिहिलंस, खोलीच्या मालकिणीच्या मांजराचंसुद्धा लिहिलंस." मग जरा थांबून म्हणाली, "तरी वाटलं, आल्यावर बघू. पण आरशात तुझं तोंड बघितलं मी. बाबा शेवटी शेवटी पण असे दिसत नव्हते रे."

"आणि अलिबाग?"

"पुढच्या वर्षी बघू."

कायमची नोकरी लागलेलं माणूस पुढच्या वर्षी डी.एड.ला जात नाही. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. क्वार्टर तिच्या नावावर होणार, आई तिच्याबरोबर राहणार, आणि एकदा टोकन घेतलं की ते टोकन निवृत्तीलाच परत करायचं. मी म्हणालो, "हो, पुढच्या वर्षीही लागेल नंबर. तुला मार्क चांगले आहेत."

आणि माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. तिनं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं हे मला दिसत होतं, तरी ते उतरल्याचं सुख लपत नव्हतं. मला पाणी आणखी गार वाटलं, झाडं आणखी हिरवी वाटली. मी तिला दोनदा विचारलं, "नक्की ना?" दोन्ही वेळा ती हो म्हणाली. नक्की ना विचारणं म्हणजे नको म्हणणं नव्हे. 'नको' हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. तो शब्द काढला आणि तिनं बरं म्हटलं तर, अशी मला भीती वाटत होती.

त्या अटीचा मी पुढं पुष्कळ विचार केला. तेव्हा मला वाटलं होतं, बिचारीनं मला एक दिवस सुखानं जाऊ द्यावा म्हणून ती घातली. आता वाटतं, ती दिवसभर माझ्या हरण्याची वाट बघत होती. कुठंतरी मी आपणहून नाव काढीन, म्हणेन, बाई, तू जा शनिवारी, मी आहे. मंदिरात तिनं कार्ड माझ्या मांडीवर टाकलं तेव्हा, काकांनी तिच्या लग्नाचं काढलं तेव्हा. मी काढलंही नाव, पण शिवी घालायला. हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

घरी आल्यावर आईला तिनंच सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली. पोरीची जात, कारखान्यात कशी जाणार, लोक काय म्हणतील, एवढं सगळं बोलून झालं. मग क्वार्टर राहतेय हे तिच्या ध्यानात आलं असावं, आवाज खाली आला. बहीण मोरीत तोंड धुवायला गेली तेव्हा आईनं मला विचारलं, "तिचा नंबर लागला होता ना रे?"

म्हणजे आईला माहीत होतं. मी म्हणालो, "तीच म्हणतेय, आई."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तिघं ऑफिसात गेलो. गेटवर काका थांबले होते. त्यांना मी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापसावर गेलास," म्हणाले आणि माझे दोन्ही हात धरले. मला कळेना. मला वाटलं त्यांचा काहीतरी घोटाळा झालाय.

आतला कारकून वयस्कर होता, अशा अर्जांवर अर्धं आयुष्य घालवलेला. त्यानं बहिणीसमोर एक छापील कागद ठेवला. मी आईचा सांभाळ करीन, तिला वाऱ्यावर सोडणार नाही, अशा अर्थाचं त्यावर होतं. मग मला एक कोरा कागद दिला. "तुम्ही मोठे भाऊ. तुमचा पहिला हक्क. माझी काही हरकत नाही असं तुमच्या अक्षरात लिहून द्या." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगलं आलं.

कारकुनानं कागद वाचला आणि चष्मा काढला.

"खुर्चीत बावीस वर्षं झाली मला," तो आईला म्हणाला. "इथं भाऊ-भाऊ एकमेकांची डोकी फोडतात बाई. बहिणीचं नाव लागू नये म्हणून तिचं लग्न घाईनं उरकणारे बघितलेत. पण बहिणीसाठी आपली जागा सोडणारा भाऊ पहिल्यांदा बघतोय."

शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून बघायला लागली. आईनं डोळ्याला पदर लावला. म्हणजे काकाही गेटवर हेच समजले होते, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनी हेच समजणार होती. ती तशीच समजली. आजही त्या कॉलनीत मी गेलो की म्हातारी माणसं नव्या पोरांना माझं उदाहरण देतात.

बोलायचं असतं तर तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी बहिणीकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल, निदान एकदा माझ्याकडे बघेल. तिनं मान वर केली नाही.

"हो," ती कारकुनाला म्हणाली, "आमचा दादा तसाच आहे." आणि सही कुठं करायची ते विचारलं.